फर्स्ट शिफ्टला बाळ कुठे असतं?

बारामतीत शिकायला लांबलांबून मुलं येतात. १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं, शारदानगरला मुलींच्या शिक्षणाचं मोठं संकुल झालं, आणि २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू आहे. पहिलीत बसलेलं पोर गाव न सोडता डॉक्टर होऊन बाहेर पडू शकतं. तालुक्याच्या गावाला हे सहजासहजी लाभत नाही. ज्यांनी हे उभं केलं त्यांचं ऋण मानूनच पुढचं लिहायचं आहे, कारण माझा प्रश्न पहिलीच्या अलीकडचा आहे.

आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते. बाप ठेकेदाराकडे हेल्पर आहे. घर म्हणजे जळोचीत किंवा तांदूळवाडीत भाड्याने घेतलेली एक खोली, आणि मूल दीड वर्षाचं. फर्स्ट शिफ्ट सातला भरते. सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत हे मूल कुणापाशी असतं, काय खातं, त्याच्याशी कोण बोलतं? या प्रश्नाचं उत्तर देणं आज कुणाचंच काम नाही. नगरपरिषदेचं नाही, कंपनीचं नाही, शाळेचं तर नाहीच.

बारामती-इंदापूर हा भाग पाण्यावर बदलला. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने आले. त्यानंतरचा बदल एमआयडीसीने केला. तीनचाकी रिक्षा, चॉकलेट, दूधप्रक्रिया, कपडे असं सगळं इथे बनू लागलं. यातल्या पॅकिंगला आणि शिलाईला बायकांचे हात लागतात. बारामतीच्या वाड्यावस्त्यांवरून, इंदापूरकडून बायका गाडीने येतात. मराठवाड्यातून, उत्तरेतून आलेली जोडपी जळोची, रुई, कटफळ इथे खोल्या घेऊन राहतात. काल-परवापर्यंत खेडी असलेल्या जळोची, रुई, तांदूळवाडीचा समावेश आता नगरपरिषदेच्या हद्दीत झाला आहे. बायकांच्या हातात त्यांचा स्वतःचा पगार आला, ही गेल्या पंचवीस वर्षांतली या तालुक्यातली सर्वांत चांगली घटना आहे असं मी मानतो. म्हणून ‘आईने घरी बसावं’ हा तोडगा मला मुळातच मान्य नाही.

पण तो पगार ज्या खोलीतून निघतो, ती खोली एकदा आतून बघायला हवी. दहा बाय दहा, वर पत्रा, एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. रांगणारं मूल बाहेर रस्त्यावर जाऊ नये म्हणून दाराला आडवी फळी लावलेली. फळीच्या आत आठ-नऊ वर्षांची बहीण, जिची सकाळची शाळा या बाळापायी बुडते. बाळाच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट आणि समोर उभा करून ठेवलेला मोबाइल. मोबाइलवर हिंदीत किंवा इंग्रजीत गाणी चालू. बाळ गप्प असतं, आणि गप्प बाळ म्हणजे गुणी बाळ असं आपण धरून चालतो. जिथे बहीण नसते तिथे शेजारची मावशी दिवसाला काही रुपये घेऊन चार-पाच मुलं बसवते. तीही प्रेमाने करते, पण तिच्याकडे स्वयंपाक असतो, पाणी भरायचं असतं, तिचंही एक पोर असतं. आई चारला परत येते तेव्हा नळाची वेळ झालेली असते. पाणी, भांडी, भाकरी, आणि तिची पाठ टेकेपर्यंत बाळ झोपलेलं असतं.

या घरात कुणीही हलगर्जी नाही. सगळे जण आपापलं काम चोख करत आहेत. तरीही त्या बाळाशी दिवसभरात कुणी समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, चार वाक्यं बोललेलं नसतं.

आणि बोलणं ही चैनीची गोष्ट नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच, २०२० मध्ये, स्पष्ट म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्यातही पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत वेगाची. मूल हुंकार देतं, आई त्याला हुंकार देते, ते हसतं, ती काहीतरी बोलते. या देवाणघेवाणीतून त्याची भाषा, लक्ष आणि धीर घडत जातो. आपल्या आज्या हे काही शास्त्र म्हणून करत नव्हत्या. मांडीवर पालथं घालून तेल लावताना त्या बाळाशी गप्पाच मारत असत, अंगाई म्हणत असत, बोटं मोजत असत. आजी गावाकडे राहिली आणि खोलीत फक्त मोबाइल उरला, तेव्हा ही देवाणघेवाण बंद पडली.

तिचं मोल किती, हे जमैकाच्या एका अभ्यासाने दाखवलं आहे. १९८६-८७ मध्ये सुसान ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली, ९ ते २४ महिन्यांची, उंचीने खुरटलेली १२९ मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं जात राहिली. ती मुलाला शिकवत नसे. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन ती आईला मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं हे करून दाखवायची आणि खेळणी तिथेच ठेवून यायची. वीस वर्षांनी ही मुलं शोधून काढली, तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. लहानपणी कधीच न खुरटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती येऊन पोचली होती. ज्यांना फक्त पूरक आहार दिला होता, त्यांच्यात इतक्या लांबवर टिकलेला फरक आढळला नाही. यावरून कुणी आहाराचं महत्त्व कमी करू नये. उपाशी मूल खेळत नाही. पण नुसतं पोट भरून पुरत नाही, हे मात्र यातून पक्कं होतं. पुढे हाच प्रयोग आपल्याकडे ओडिशात, कटकच्या झोपडपट्ट्यांत, स्थानिक बायकांना तयार करून दीड वर्ष झाला आणि मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली.

आता आपल्या व्यवस्थेकडे बघू. मूल जन्मल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही तिची भेट ठरवून दिलेली आहे. दीड वर्षाच्या सुमारास बूस्टरची सुई होते. त्यानंतर थेट तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीच्या वर्गात बसू लागतं. मधल्या दीड वर्षात त्याच्या वाट्याला येतं ते घरी न्यायच्या आहाराचं (टीएचआरचं) पाकीट आणि महिन्याचं वजन. मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, हट्ट करायला लागतं, नेमक्या त्या काळात सरकार त्याला फक्त तोलतं. तोलूनही चित्र बरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. एवढ्या श्रीमंत राज्यात पाच वर्षांत आपण पुढे सरकलोच नाही.

मला याचं दुःख जास्त आहे, कारण अंगणवाडी ही कल्पनाच महाराष्ट्राच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ च्या अखेरीस बोर्डीला बालवाडी काढली. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुलं तिथे येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल, असं त्यांनी ठरवलं आणि वस्तीवर जाऊन झाडाखाली वर्ग मांडला. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे काम फुललं. पानं, फुलं, बिया, माती हीच साधनं होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला नावही अंगणवाडीचंच मिळालं. पहिल्या ३३ प्रकल्पांत शहरी प्रकल्प अवघे चार होते. गरिबी खेड्यात असते, शहरात नसते, असा त्या काळाचा समज होता. तो समज अजून पुरता गेलेला नाही.

ताराबाई-अनुताईंनी अंतराचा प्रश्न सोडवला होता. आज बारामतीच्या खोल्यांमध्ये प्रश्न वेळेचा आहे. अंगणवाडी गल्लीच्या टोकाला असते, पण ती उघडते तेव्हा आईची शिफ्ट भरून तास-दोन तास झालेले असतात, आणि ती बंद होते तेव्हा शिफ्ट सुटायला वेळ असतो. तीन वर्षांचं मूल तिथे सोडायचं कुणी आणि आणायचं कुणी? दीड वर्षाच्या मुलाला तर तिथे जागाच नाही. शेतावर जाणारी आई दुपारी घरी येऊ शकत होती, कंपनीतली आई गेटबाहेर पडू शकत नाही. अंगणवाडीची वेळ अजून शेतकऱ्याच्या घराची आहे आणि वस्ती मात्र कामगारांची झाली आहे. बोर्डीत बालवाडी मुलाच्या जागेवर गेली, तशी ती आता आईच्या शिफ्टच्या वेळेवर गेली पाहिजे. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

हे काम कुणी केलेलंच नाही असं नाही. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मातीत लोळणारी मजुरांची पोरं मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तंबूत पाळणाघर काढलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली, मुंबई-पुण्यातही बांधकामांवर तशी पाळणाघरं आली. अहमदाबादेत सेवा संस्थेने असंघटित कामगार बायकांच्या कामाच्या वेळा धरून पाळणाघरं चालवली. कर्नाटकाने २०२३ मध्ये रोजगार हमीवरच्या मजुरांसाठी ग्रामपंचायतीत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरं काढायला सुरुवात केली. आपल्याकडेही २०२२ पासून केंद्राची पाळणा योजना आहे: अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घ्यायची, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. दिशा बरोबर आहे. पण देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख आणि या योजनेचं उद्दिष्ट १७,००० पाळणाघरांचं, म्हणजे ऐंशीएक अंगणवाड्यांमागे एक. शिवाय साडेआठ तासांची शिफ्ट आणि जाण्यायेण्याचा तासभर धरला तर साडेसात तास कमीच पडतात. कागदावर आखताना आईच्या दिवसाचं गणित कुणी मांडलं नाही.

कायद्याचंही तसंच. ज्या कारखान्यात ५० हून (१९७६ पासून ३० हून) जास्त स्त्रिया कामाला आहेत तिथे पाळणाघर हवं, असं १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचं बंधन आलं. पण मोठ्या कंपनीभोवती वीस-पंचवीस माणसांची वर्कशॉप असतात, ठेकेदाराच्या हजेरीवरच्या बायका असतात, धुणीभांडी करणाऱ्या असतात, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या असतात. त्यांच्या मुलांना या कलमात जागा नाही. आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला, तेव्हा सहाच्या आतलं मूल हक्काबाहेरच राहिलं. ८६ व्या घटनादुरुस्तीने त्याला दिलं ते अनुच्छेद ४५ मधलं, राज्य प्रयत्न करील एवढंच आश्वासन.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा, की तान्ह्या मुलाला आईचीच माया हवी, परक्याच्या हाती देऊ नये. मायेबद्दल वाद नाही. पण शरद पवारांच्या आई शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे लोकल बोर्डावर निवडून गेल्या आणि अकरा मुलं वाढवता वाढवता त्यांनी सार्वजनिक काम केलं. तान्ह्या मुलाला बरोबर घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्याची आठवण शरद पवारांनीच सांगितली आहे. बारामतीत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. मात्र बोर्डाच्या सभागृहात आई बाळाला घेऊन जाऊ शकली, तशी आज शिलाईच्या लाइनवरची आई बाळाला घेऊन बसू शकत नाही. तिला माया कमी नाही, तिला फक्त गेटच्या आत मूल नेता येत नाही. चांगलं पाळणाघर आईची जागा घेत नाही. तिची काळजी तेवढी हलकी करतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलाशी बोलायला तिच्यात थोडं बळ शिल्लक ठेवतं.

दुसरा आक्षेप असा की आता लोकच नर्सरी-केजीला पैसे मोजतात, सरकारने कशाला पडायचं? गरीब आईबाप पोटाला चिमटा काढून इंग्रजी नर्सरीची फी भरतात, हे खरं आहे आणि त्यांच्या जिद्दीला मान दिला पाहिजे. पण अडीच-तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून एबीसीडी गिरवायला लावणं हे बालशिक्षण नव्हे. त्या वयात माती, पाणी, चढणं-उतरणं, गोष्ट ऐकणं आणि स्वतःच्या भाषेत भरपूर बोलणं लागतं. अनुताई हे आयुष्यभर सांगत राहिल्या. आणि नर्सरी मिळते ती अडीच वर्षांनंतर. त्याआधीच्या मुलासाठी बाजारातही फारसं काही नाही, कारण गरिबाच्या तान्ह्याला नीट सांभाळण्यात नफा नाही. ज्यात नफा नाही पण सगळ्या गावाचं भलं आहे, ते काम सार्वजनिक पैशानेच व्हावं लागतं.

पैसा कुठून आणायचा, हा तिसरा प्रश्न रास्त आहे. एमआयडीसी आखताना रस्ता, पाणी, वीज, अग्निशमन केंद्र यांचा खर्च कुणी दान म्हणून धरत नाही, तो उद्योगाचा खर्च असतो. ज्या बायकांच्या हातांवर उद्योग चालतात, त्यांच्या मुलांची सोय त्याच यादीत बसली पाहिजे. सार्वजनिक सोयींसाठी भूखंड राखण्याची पद्धत एमआयडीसीत आहेच. त्यातला एक पाळणाघरासाठी द्यावा, चार-पाच कंपन्यांनी मिळून ते चालवावं, ठेकेदाराच्या आणि छोट्या वर्कशॉपच्या बायकांची मुलंही त्यात घ्यावीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलं आहे, ते आधी आपल्याच गेटबाहेरच्या मुलांवर खर्च होऊ द्यात. नगरपरिषदेने जळोची, रुई, तांदूळवाडी, आमराई अशा भागांत अंगणवाडीला जोडून दिवसभराची पाळणाघरं काढावीत आणि अंदाजपत्रकात त्यांचं स्वतंत्र शीर्ष ठेवावं. साखर कारखान्यांच्या तळावरही हेच लागेल. तिथे ऊसतोडीच्या कोयत्याच्या जोडीबरोबर आलेलं बाळ पहाटे थंडीत कोपीत नाहीतर फडाच्या बांधावर निजतं, आणि साखरशाळा निघाली तरी ती त्याच्या मोठ्या भावंडापुरती असते.

यात एक धोकाही आहे. हे सगळं ओझं पुन्हा अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकलं जाईल. तिच्याकडे आधीच वजन, उंची, आहार, पोषण ट्रॅकर, सर्वेक्षण, सभा आणि सरकारला आठवेल ते दुसरं काम असतं. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेलं तिचं मानधन महिन्याला ४,५०० रुपये आहे. राज्य त्यात भर घालतं, तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संपावर जावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो मान्य व्हायलाही न्यायालयात जावं लागलं. पाळणाघर काढायचं तर त्याला वेगळी, प्रशिक्षित, पगारी माणसं हवीत. माणसं मिळत नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी थोड्या शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं, मग देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. बारामतीच्या वस्त्यांतही दहावी-बारावी झालेल्या, मुलांची हौस असलेल्या बायका आहेत. त्यांना सहा महिने नीट शिकवलं तर त्या पाळणाघरही चालवतील आणि पंधराव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घरोघरी जाऊन आईला, बापाला, त्या आठ वर्षांच्या बहिणीलाही बाळाशी खेळायला शिकवतील. बापाला मी मुद्दाम धरतो आहे. शिफ्टमधून आलेला बाप बाळाला कडेवर घेऊन गल्लीत फिरवत त्याला गाडी, गाय, चंद्र दाखवत असेल, तर त्याने काही पैसे न खर्चता बालविकासाचं मोठं काम केलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला दिलेला एक आदेश फार थोड्यांना माहीत आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. झोपडपट्टीलाही हा हक्क आहे. ज्या खोलीतली आई सातच्या शिफ्टला जाते तिला अर्ज लिहायला सवड नाही. म्हणून तो आपण लिहावा: तिच्या खोलीचं भाडं घेणाऱ्याने, तिच्या लाइनच्या सुपरवायझरने, त्या गल्लीच्या नगरसेवकाने, महाविद्यालयात समाजकार्य शिकणाऱ्या पोरांनी. एका रविवारी घरोघर फिरून मुलं मोजा, यादी करा, सह्या घ्या आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात पाळणाघराची मागणी जोडा आणि त्याची वेळही स्वच्छ अक्षरात लिहा: सकाळी साडेसहा ते संध्याकाळी पाच.